गिटारवाला गेला? मग कीबोर्डवर बँड चालवा

गेल्या महिन्यात माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा क्लास संपला तरी उठेना. बाकीची पोरं गेली, हा सँडलच्या पट्ट्याशी खेळत बसला. मग म्हणाला, "ताई, आमचा गिटारवाला बंगळुरूला चालला. नोकरी लागली. पंधरा दिवसांवर गॅदरिंग आलंय. तुम्ही मला कीबोर्डवर गिटारचा टोन काढून द्या ना."

मी म्हटलं, बस, चहा घे. गिटारचा टोन मी काढून देणार नाही, पण गिटारशिवाय बँड कसा उभा राहतो ते सांगते. त्या दिवशी जे तोंडी सांगितलं, तेच इथे लिहितेय. मी स्वतः कॉलेजात बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचे, नंतर चारेक वर्षं ऑर्केस्ट्रात, आणि आता नाशिकला घरी शिकवते. त्यामुळे हे शहाणपण हात पोळून आलेलं आहे.

आधी एक हकिकत. इंग्लंडच्या ईस्ट ससेक्समध्ये बॅटल नावाचं गाव आहे. १०६६ ची प्रसिद्ध लढाई तिथे झाली, म्हणून नावच 'लढाई'. त्या गावच्या शाळकरी मित्रांनी नव्वदच्या दशकात बँड काढला: कीन. टिम राइस-ऑक्सली, टॉम चॅप्लिन, रिचर्ड ह्यूज आणि गिटारवर डॉमिनिक स्कॉट. लंडनच्या पबमध्ये वाजवून वाजवून दमले, कुणी रेकॉर्ड कंपनी विचारेना, आणि २००१ मध्ये डॉमिनिक बँड सोडून गेला. झालं, तिघं उरले. गाणारा टॉम, ड्रमर रिचर्ड आणि पियानोवाला टिम. दुसरा गिटारवाला शोधणं हा साधा मार्ग होता. त्यांनी तो घेतला नाही. पियानोच पुढे ओढला.

पुढचं भराभर घडलं. डिसेंबर २००२ मध्ये लंडनच्या एका छोट्या पबमध्ये फिअर्स पांडा या चिमुकल्या कंपनीच्या सायमन विल्यम्सनं त्यांना ऐकलं. मे २००३ मध्ये त्यांचं 'एव्हरीबडीज चेंजिंग' हे गाणं आलं. मग आयलंड रेकॉर्ड्सनं करार केला. बीबीसी दर वर्षी येत्या वर्षाची नवी नावं निवडते, त्यात २००४ साठी पहिलं नाव कीनचं होतं. मे २००४ मध्ये 'होप्स अँड फिअर्स' हा अल्बम आला तो थेट पहिल्या क्रमांकावर, आणि एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या २५ लाखांहून जास्त प्रती खपल्या. गिटारच्या देशात, गिटार न लावता!

आता तुमच्या बँडकडे येऊ.

आधी ते गिटारचं बटण विसरा

तुमच्या कीबोर्डवर 'डिस्टॉर्शन गिटार' नावाचा टोन असेल. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तो चालतो, कारण तिथे लोक गाणं ओळखायला आलेले असतात. बँडमध्ये तो लावलात की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो: अरेरे, यांच्याकडे गिटारवाला नाही वाटतं. नकली दात हसताना दिसतात तसं ते.

टिम जे वाद्य वाजवतो ते यामाहाचं सीपी-७०. हे वाद्य १९७० च्या दशकातलं. आत खऱ्या तारा आणि खऱ्या हातोड्या, पण आवाज बाहेर फेकणारी मोठी लाकडी फळी नाही. तारांची कंपनं पिकअप उचलतात आणि वायरीतून बाहेर देतात. म्हणजे गिटारची जी रचना, तीच पियानोला. नेण्यासाठी त्याचे दोन भाग होतात, पण वजन सव्वाशे किलोच्या वर. शिवाय तारा खऱ्या, त्यामुळे ट्यूनिंग आलंच. आपल्याला ते परवडणार नाही आणि जिन्यावरून चढणारही नाही.

पण त्याचा आवाज तुमच्या स्वस्तातल्या कीबोर्डमध्येसुद्धा आहे. जीएम टोनच्या यादीत (बहुतेक कीबोर्डांत सारख्याच क्रमानं असते ती) तिसऱ्या क्रमांकावर 'इलेक्ट्रिक ग्रँड' असतो. कुणी त्याच्याकडे बघत नाही, कारण घरी एकट्यानं वाजवला तर तो कोरडा आणि जरा पत्र्यासारखा लागतो. पहिल्या क्रमांकाचा 'ग्रँड पियानो' मऊ, गोड, भरलेला. घरात तोच छान वाटतो. पण ड्रम सुरू झाले की तो गोडवा विरघळून जातो आणि कोरडा टोनच वर तरंगतो. टोन निवडताना म्हणून एकट्यानं निवडू नका. ड्रमरला बसवा, वाजवायला लावा आणि मग बटणं फिरवा.

उजवा हात थांबू देऊ नका

माझे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. माझी बोटं तिथेच तयार झाली आणि बँडमध्ये आल्यावर तिथेच अडली. पेटीवाल्याला दोन सवयी असतात. एक, सूर दाबून धरायचा. भाता चालू आहे तोवर सूर चालू. दोन, गाणारा जे गाईल ते सावलीसारखं मागोमाग वाजवायचं. भजनात दोन्ही गुण. बँडमध्ये दोन्ही दोष.

पियानोचा सूर दाबून धरलात तरी मरत जातो. गिटारवाला एक कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वर एकदम, वाजवून ती भिंतीसारखी उभी ठेवू शकतो, तुम्ही नाही. म्हणून तुम्हाला ती भिंत विटेवर वीट ठेवून बांधावी लागते: तीच कॉर्ड, पुन्हा पुन्हा, एकसारख्या ठोक्यांत. कीनचं 'समव्हेअर ओन्ली वी नो' ऐका. सुरुवातच ती. ठक ठक ठक ठक, उजवा हात जागचा हलत नाही. गंमत सगळी खाली आहे. पेटीच्या भाषेत सांगते: पांढरी एक म्हणजे सी, तिथून पांढऱ्या आणि काळ्या वेगवेगळ्या मोजायच्या. उजव्या हातात पांढरी सहाचा मेजर. डावा हात पांढरी सहावर. मग उजवा तसाच ठेवून डावा एक स्वर खाली, काळी चारवर. बस, एवढं एक बोट सरकलं आणि गाण्याचा चेहराच बदलला. मग डावा पांढरी सातवर, तिथे वर मायनर. मग पांढरी तीन. आज रात्री पेटीवर करून बघा, पाच मिनिटांत बसेल.

ठोके एकसारखे म्हणजे यंत्रासारखे नव्हेत. प्रत्येक चारातला पहिला किंचित जड. मी मुलांना मेट्रोनोम (टिकटिक ठोका देणारं यंत्र) लावून दहा मिनिटं एकच कॉर्ड वाजवायला लावते. तिसऱ्या मिनिटाला मनगट दुखलं तर ताकद खांद्यातून येत नाही असं समजायचं. कोपर सैल सोडा.

आणि गाणारा गात असताना त्याची चाल वाजवू नका! हे मी आठवड्यातून चारदा ओरडते. त्याची ओळ संपली की मधल्या जागेत दोन-चार स्वर तुमचे. तो पुन्हा सुरू झाला की परत विटा रचायला.

पेडल: इथे घाई केलीत की फजिती

आता गिटारवाल्याचं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम खरबरीत करणारी पायाखालची डबी. हो, ते कीबोर्डला लागतं. कीनचा २००६ चा 'अंडर द आयर्न सी' अल्बम ऐका, त्यातलं 'इज इट एनी वंडर'. पहिल्याच सेकंदाला जी करवत सुरू होते ती गिटार आहे असं मी दोन वर्षं समजत होते. ती टिमच्या बोटांखालची पियानोची पट्टी आहे, पेडलांतून काढलेली.

जोडणी अशी. कीबोर्डच्या मागे 'एल' आणि 'आर' अशी दोन भोकं असतात. 'एल/मोनो' लिहिलेल्यातूनच वायर काढा, दुसरं मोकळं ठेवा. दोन्हींत वायर घालून एकच पेडलला दिलीत तर अर्धा आवाज पेडलबाहेर राहतो. आता कीबोर्डचा व्हॉल्यूम एकदम खाली, पाव भागावर. गिटारमधून येणारा करंट अगदी बारीक असतो आणि पेडल त्या बारीक करंटसाठी बनवलेलं असतं. कीबोर्डचा आउटपुट त्याच्या कितीतरी पट मोठा. पूर्ण आवाजात दिलात तर पेडलचा गेन (आवाज किती फाटायचा ते ठरवणारं बटण) शून्यावर ठेवूनही फरफर ऐकू येते आणि तुम्ही म्हणता पेडल खराब आहे. पेडल ठीक आहे, तुम्ही पेल्यात बादली ओतताय.

पावावरून हळूहळू चढवा. गेनचं बटण घड्याळातल्या नऊच्या जागी. एकच स्वर दाबा, मधल्या सप्तकातला. कडा खरबरीत झाली, पण स्वर ओळखू येतोय, अशी जागा मिळाली की थांबा. आता पूर्ण कॉर्ड दाबून बघा. चिखल! कॉर्डमधला तिसरा स्वर, मेजर-मायनर ठरवणारा तो, डिस्टॉर्शनमध्ये इतरांशी भांडतो. गिटारवाले म्हणूनच डिस्टॉर्शनवर सा आणि पंचम एवढंच धरतात. तुम्हीही तेच करा: दोन बोटं, फार तर वरचा सा. मायनर आहे की मेजर ते गाणारा सांगेल. डावा हात पेडलमधून पाठवूच नका. ज्यांच्याकडे दोन कीबोर्ड आहेत त्यांनी खालचा साधा, वरचा पेडलवर. एकच असेल तर पेडल दाबल्यावर डावा हात मांडीवर. मी खरंच मांडीखाली दाबून बसायला लावते.

पेडलनंतर डिले, म्हणजे प्रतिध्वनीचं पेडल, लावायचा असेल तर लावा, पण डिस्टॉर्शन आधी, डिले नंतर. उलटं केलंत तर प्रत्येक प्रतिध्वनी फाटतो.

बेस कोण वाजवणार?

कीनकडे स्टेजवर बेसवाला नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये बेस टिम वाजवायचा, आणि कार्यक्रमात तो लॅपटॉपमधून यायचा. जेसी क्विन २००७ पासून त्यांच्याबरोबर फिरू लागला आणि २०११ मध्ये बँडचा चौथा माणूस झाला. तोवर तिघं आणि एक यंत्र. या बाबतीत नाकं मुरडणारे पुष्कळ होते. मुरडू देत. पण हे सोपं आहे असं समजू नका. बेस फायलीत असला की ती फाइल तुमच्यासाठी थांबत नाही. ड्रमर एक ठोका मागे राहिला तर सगळा डोलारा वाकडा.

स्वस्तातला मार्ग: मोबाइलवरच्या कुठल्याही रेकॉर्डिंग ॲपमध्ये फाइल अशी बनवा की डाव्या कानात फक्त क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) आणि उजव्या कानात फक्त बेस. एक वायर घ्या जिचं एक टोक हेडफोनच्या भोकात जातं आणि दुसऱ्या बाजूला दोन पिना निघतात. डावी पिन ड्रमरच्या हेडफोनला, उजवी मिक्सरला. लोकांना बेस ऐकू येतो, ड्रमरला क्लिक. सुरुवातीला दोन मात्रा रिकाम्या क्लिक ठेवा, नाहीतर तो उचलणार कशावर?

आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. आमच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये तिसऱ्या कडव्यात माझ्या आईचा फोन आला. बेस गायब, आणि अख्ख्या मैदानाला माझी रिंगटोन. आईला वाटलं मी मुद्दाम फोन उचलत नाहीये, म्हणून तिनं परत लावला.

फाइल नको असेल तर डाव्या हातानं बेस वाजवा, पण मग डावा हात सप्तकं दाबत नाचवू नका. एक बोट, एक स्वर, ड्रमरच्या बेस ड्रमबरोबर. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर जागा कमी पडते, तिथे स्प्लिट लावून, म्हणजे पट्ट्यांचे दोन भाग करून, डाव्या भागाला बेसचा टोन द्या आणि एक सप्तक खाली ढकला.

बाकी किरकोळ. ड्रमरला सांगा, झांजा कमी. पियानो आणि झांज एकाच जागेसाठी भांडतात. कीबोर्डचा स्टँड एका दांडीच्या फुलीचा असेल तर ठोके मारताना तो डुलतो. दुहेरी फुलीचा घ्या, नाहीतर सरळ शाळेचं टेबल. मांडवात वाजवणार असाल तर लाइटवाल्याला अर्थिंगचं आधीच विचारा, कारण डिस्टॉर्शन लावलं की घुंई आवाज दहापट होतो आणि मग साउंडवाला तुमच्याकडे बघतो, तुम्ही साउंडवाल्याकडे.

चाललं, तर काय होतं

हा भाग त्या मुलानं विचारला नव्हता. मीच सांगितला.

गिटारवाला नसला की बँडचा सगळा भार दोघांवर येतो: चाली काढणारा आणि गाणारा. कीनमध्ये गाणी प्रामुख्यानं टिमची आणि तोंड टॉमचं. पहिल्या अल्बमनंतर दोन वर्षं जगभर फिरून फिरून ही माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. 'अंडर द आयर्न सी'मधली काही गाणी टिमनं टॉमबरोबरच्या बिघडलेल्या मैत्रीवर लिहिली, आणि ती गायची कुणी? टॉमनंच. विचार करा, तुमच्यावरची तक्रार तुमच्याच गळ्यातून, रोज रात्री, हजारो लोकांसमोर. ऑगस्ट २००६ मध्ये टॉम दारू आणि ड्रग्जच्या व्यसनावर उपचारासाठी दाखल झाला आणि दौरे रद्द झाले. तो बरा होऊन परतला. २००८ च्या 'परफेक्ट सिमेट्री'त त्यांनी गिटारही परत आणली. माझ्या मते तिथे थोडं घसरलं, पण माझ्या बहिणीला तोच अल्बम सगळ्यात आवडतो, म्हणून वाद घालत नाही. २०१२ ला 'स्ट्रेंजलँड'. हाही पहिल्या क्रमांकावर.

आणि मग ते थांबले. नोव्हेंबर २०१३ मध्ये निवडक गाण्यांचा संग्रह काढला आणि २०१४ पासून विराम. 'बँड मोडला' असं म्हटलं नाही. गंमत बघा, त्याच नोव्हेंबरात लिली ॲलन या गायिकेनं एका ब्रिटिश दुकानाच्या नाताळच्या जाहिरातीसाठी 'समव्हेअर ओन्ली वी नो' गायलं आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. कीनचं स्वतःचं २००४ मध्ये तिसऱ्यावर थांबलं होतं. टॉमनं २०१६ मध्ये स्वतःचा 'द वेव्ह' हा अल्बम काढला. टिम आपल्या मोडलेल्या संसारावर गाणी लिहीत बसला होता, ती टॉमनं ऐकली, आणि २०१९ च्या सप्टेंबरात कीनचा नवा अल्बम 'कॉज अँड इफेक्ट' आला. २०२४ मध्ये पहिल्या अल्बमच्या २० वर्षांसाठी पुन्हा जगभर फिरले, ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवातही वाजवलं.

आमचा बँड २००८ मध्ये थांबला. म्हणजे थांबला असं आता म्हणते. तेव्हा कुणी काही म्हणालंच नाही. एक मुलाखतीला गेला, एकाचं लग्न ठरलं, मी नाशिकला परत आले, आणि पुढच्या तालमीची तारीख कुणी काढली नाही. सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेले दोन मोठे स्पीकर गाणाऱ्याच्या काकांकडे सिंहगड रोडला राहिले. विचारायला लाज वाटायची. आज त्या सोसायटीच्या गणपतीची आरती त्यावर होते म्हणे. चांगलंच आहे, पण एकावर माझ्या पहिल्या पगाराचे पैसे आहेत.

म्हणून थांबायचं असेल तर बसून थांबा. शेवटचा कार्यक्रम कुठला ते आधी ठरवा आणि लोकांना सांगा. एका कागदावर लिहा: कुठली वस्तू कुणाची, कुणाच्या घरी, आणि कुणाला हवी झाली तर किती दिवसांत द्यायची. गाण्यांसमोर नावं लिहा, चाल कुणाची, शब्द कुणाचे, कारण पाच वर्षांनी प्रत्येकाला सगळं आपलंच आठवतं. रेकॉर्डिंगच्या सुट्या ट्रॅकची प्रत प्रत्येकाकडे, इन्स्टाचा पासवर्ड किमान दोघांकडे. मधल्या काळात एखाद्यानं एकट्यानं काही केलं तर बाकीच्यांनी तोंड पाडायचं नाही, हेही लिहा. हसू येईल लिहिताना. येऊ द्या.

मुलगा हे ऐकून म्हणाला, "ताई, आम्ही अजून एक कार्यक्रम नाही केला, आणि तुम्ही मोडायचं काय सांगताय?"

गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी तो पुन्हा आला, बरोबर गिटारवाला. त्याची रात्रीची गाडी होती. पाठीवरच्या पिशवीतून त्यानं आपलं नारिंगी पेडल काढलं आणि काही न बोलता कीबोर्डशेजारी ठेवलं. आम्ही जोडलं, व्हॉल्यूम पावावर, गेन नऊवर. तिसऱ्या प्रयत्नात बरोबर खरबरीत लागलं. डावा हात मांडीखाली. गिटारवाला थोडा वेळ ऐकत बसला आणि म्हणाला, "माझ्यापेक्षा बरं वाजतंय साल्याचं."

तो गेल्यावर मी पेडल उलटं करून बघितलं. खाली पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेननं त्याचं नाव, मोबाइल नंबर आणि दोन शब्द: परत पाहिजे.